आठवा पाव

घरी भाजलेले सात पाव दगडासारखे निघाल्यावर आठवा फुगला, तेव्हा मोर्शीचे निवृत्त तलाठी देवमनराव हरखून गेले. घरच्यांनी आता चव घ्यायचंही सोडलं होतं, म्हणून गरम पाव ताटात घेऊन ते गल्लीच्या टोकाला, खाण्यातल्या दर्दी सुंदराबाईंकडे निघाले. "काहो भाऊ, कोन बिमार हाये?" वाटेत जो तो विचारू लागला, कारण त्या गल्लीत पाव यायचा तो आजाऱ्यासाठीच. देवमनरावांचं ध्यान ताटात. "सुंदराबाईले नेऊन राहिलो," एवढंच ते सांगत गेले. संध्याकाळपर्यंत धडधाकट सुंदराबाईंच्या ओसरीवर संत्र्यांचा ढीग लागला आणि चांदूर बाजारहून नणंद रडतच पोचली. दुसऱ्या दिवशी देवमनराव माफी मागायला गेले, तरी राहवेना. "पण वहिनी, पाव कसा झाला?" सुंदराबाईंनी फळीवरचा डबा दाखवला. "कोनाले हात लावू देला नाई. खरंच बिमार पडली की खाईन."