हिरवी खूण

दुपारी पेरुंगुडीच्या दवाखान्यातली गर्दी ओसरली, तेव्हा डॉक्टर शर्मिष्ठेने संगणकावर आपल्याच लेकीची नोंद उघडली. रेवाची लस आज द्यायची होती. पण संकष्टीच्या दिवशी तान्ह्या जिवाला टोचायचं नाही, असं सासूबाईंनी बजावलं होतं. तारीख उद्यावर ढकलायची, एवढंच काम होतं.

पण लसीपुढे ‘दिली’ अशी हिरवी खूण आधीच होती.

“तुम्हीच दाबलं असेल, मॅडम,” नर्स विजयालक्ष्मी हसली. “उपाशीपोटी कॉम्प्युटरशी भांडू नका.”

शर्मिष्ठेने खूण पुसली. डोळ्यांदेखत ती पुन्हा उमटली. तिने परत पुसली, तर परत उमटली.

तेवढ्यात घरून फोन आला. ती तो घेऊन खिडकीशी गेली.

“अगं, रेवा किंचाळत उठली बघ,” सासूबाईंचा आवाज कापत होता. “मांडीवर सुई टोचल्यासारखा ठिपका, त्यावर रक्ताचा थेंब. डास असेल म्हटलं. पण मी उशाशीच जप करत बसले होते गं, आणि माझ्यासमोर आणखी दोन उठले!”

आधीची एक खूण, आणि पुसल्यावर उमटलेल्या दोन, शर्मिष्ठेने मनात मोजलं. फोनमध्ये रेवाचे हुंदके हळूहळू शांत होत होते.

“अय्यो, ही अजून आहेच की,” मागून विजयालक्ष्मी म्हणाली. तिचा हात माउसवर होता. “थांबा, मीच पुसते.”

“नको!” शर्मिष्ठा वळून ओरडली.

माउसचा बारीक आवाज झाला, आणि तिच्या कानाशी रेवा किंचाळली.