आग्रह सोडायचा?

पहिल्या ग्रहाचं नाव त्याने आग्रह ठेवलं, कारण तिथे फक्त अन्न पिकायचं. गोदामांचा तो संग्रह. तोफांचा तो दुराग्रह. एका ग्रहाला एकच काम, हा त्याचा नियम. तो प्रूफरीडर. अंतराळातल्या साम्राज्यांच्या या संगणकावरच्या खेळाचा मराठी मजकूर तपासायला त्याच्याकडे आला होता, आणि चुका शोधता शोधता तो सम्राट होऊन बसला होता.

शेजारच्या खुर्चीत बायको. बस आगारात वेळापत्रकं लावायची तिची नोकरी, म्हणून मालवाहू जहाजांचे मार्ग तिच्याकडे. तिचाही एक नियम: गाडी रिकामी परत येता कामा नये.

दोघांच्या मध्ये, टेबलावर, तिच्या बढतीचा अर्ज. दूरच्या आगारात एक वर्ष. सहाच्या आत सही करून पाठवायचा. साडेपाच होऊन गेले होते. पडद्यावर ओळ उमटली:

आग्रह: पीक उत्तम.

"आपलंच घर घे," तो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला. "स्वयंपाक मी, बाकी सगळं तू. पंधरा वर्षांत काही अडलं? तू गेलीस की मी अंधारात आणि तू उपाशी. जाऊ नकोस."

"सकाळपासून अकराव्यांदा."

"मोजतेयस?"

"फेऱ्या मोजायचाच पगार मिळतो मला."

आग्रह: पीक उत्तम. जनता उपाशी.

त्याने चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग शेजारच्या कागदावर, समासात, पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं. "मजकुरात चूक आहे."

"मजकुरात नाही. तू हुकूम काय दिलायस? 'सगळं अन्न बाहेर पाठवा.' नेलं माझ्या जहाजांनी सगळं."

"अगं, स्वतःपुरतं ठेवून घ्यायचं ना त्यांनी."

"तू ठेवतोस? परवा माझ्या मैत्रिणींना नको नको म्हणेपर्यंत वाढलंस आणि मागून पातेलं खरवडत बसलास."

त्याने विषय बदलला. "परतीच्या फेरीत काय आणलंस तिथे?"

"तोफा."

"उपाशी माणसांना तोफा?"

"रिकामं कसं यायचं?" ती म्हणाली. "आणि वेळेवर पोचल्या."

आग्रह: बंड.

पडद्याच्या मधोमध एक चौकट उघडली.

आग्रह सोडायचा? हो / नाही.

त्याने सवयीने शब्द तपासले. वेलांटी बरोबर, काना बरोबर, प्रश्नचिन्ह जागच्या जागी. बायकोही तेच वाचत होती. तिने हाताची घडी घातली. सहाला दहा कमी होते.

"सोडला तर बाकीचे ग्रह खातील काय?" त्याने विचारलं.

"शिकतील. पहिल्यांदा करपेल."

मग त्याने 'हो' दाबलं.

तिने अर्जावर सही केली, फोटो काढला, पाठवून दिला. मग त्याचा तो समासात प्रश्नचिन्ह काढलेला कागद पालथा केला आणि कोऱ्या बाजूवर पेन टेकवून म्हणाली, "भाताला पाणी किती घालतात?"

त्याने कागद स्वतःकडे ओढला.

"आधी तू सांग. दिवे गेले की तू जाऊन जो खटका वर करतेस, तो आहे कुठे?"