वाकडी करंगळी

“आक्का मला ओळखेल का गं?” थाकूबाईने एसटीत नातीला घोगऱ्या आवाजात विचारले. घशाच्या कर्करोगाने तिचा आवाज पार बदलला होता आणि थोरल्या बहिणीची नजर तर केव्हाच गेली होती.

विषय बदलावा म्हणून प्रयोगशाळेत काम करणारी नात म्हणाली, “आजी, तुझं औषध गाठीतल्या डीएनएला, म्हणजे पिळाच्या दोऱ्याला, बाक आणतं. मग एक प्रथिन सरळ दोरा सोडून नेमकं त्या वाकलेल्या जागी येऊन बसतं.”

“त्याला डोळे असतात?”

“नाही गं. चाचपूनच ओळखतं.”

ओसरीवर बसलेल्या आक्काने ‘मी थाकू’ हे घोगरे शब्द ऐकून नकारार्थी मान हलवली. “चल! आमची थाकू गायला लागली की वाटसरू थांबायचे. तू कोण गं?”

थाकूबाईने तिच्या हातात हात दिला. आक्काची बोटे सरळ बोटांवरून सरकत वाकड्या करंगळीशी आली आणि तिथेच घट्ट बसली. लहानपणी दोघी गात भात कांडत असताना आक्काचेच मुसळ त्या करंगळीवर पडले होते.

“भवाने,” आक्का म्हणाली, “हे बोट आधी का नाही दिलंस?”