इतिहासाची फेरपरीक्षा

धाकटा नुकताच झोपला होता. एवढ्यात ओट्यावर शाळेचा डबा खणकन आपटला.

"आई, मी इतिहासात नापास झाले," केतकी म्हणाली.

शाळेने यंदा इतिहासासाठी व्हीआर चष्मे आणलेत. मुलांनी चष्मा लावून धड्यातली लढाई स्वतः लढायची. जितके शत्रू मारले, तितके गुण. मी वही उघडली. बाईंचा लाल शेरा होता : 'जखमी शत्रूला पाणी पाजत बसली. विषयाचे आकलन नाही. शनिवारी फेरपरीक्षा. पालकांनी सराव करून घ्यावा.'

"अगं, पण पाणी कशाला दिलंस?"

"तूच म्हणतेस ना, दारात कुणीही आलं तरी आधी पाणी विचारायचं? त्या शौनकने एकवीस मारले, आणि मला चिडवतोय, 'पाणपोई, पाणपोई' म्हणून!"

मला हसू आलं, पण फेरपरीक्षा होतीच. लाटणं तिच्या हातात दिलं, पलंगावरचा लोड जमिनीवर आडवा टाकला. "हा शत्रू. याला पाणी द्यायचं नाही. थेट मारायचं."

तिने लाटणं उगारलं आणि हळूच खाली घेतलं.

"आई, पण शनिवारी तो पुन्हा पाणी मागेल. मग मी त्याला काय सांगू?"