भुंग्याची वर्गणी

लालबागच्या चाळीतल्या सुभद्रेच्या खानावळीत पंगत नुकतीच उठली होती. ओल्या फरशीवर गावकरी मंडळाच्या आजार-फंडाची वही मांडीवर घेऊन जयवंत बसला होता. दरमहा आठ आणे भरणाऱ्याचे दुखणे साऱ्या गाववाल्यांचे होई. दवाखान्याचा खर्च फंडातून, आणि उशाशी बसायला पाळीपाळीने माणूस.

“भुंग्याच्या नावावर घ्या,” सुभद्रा पुन्हा म्हणाली. आठ आणे तिने त्याच्यापुढे ठेवले होते.

उंबऱ्याबाहेर तिचा काळा कुत्रा भुंग्या पंजांत तोंड खुपसून पडला होता. संपाच्या मोर्चावर अश्रुधूर सुटला त्या दिवसापासून त्याचे डोळे गळत होते. वर्षभर रोज औषध पडले नाही तर दृष्टी जाईल, असे परळच्या जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितले होते.

“घे रे,” हात पुसत दगडू म्हणाला. “मीटिंगला येऊन निदान भुंकेल तरी. आपले निम्मे सभासद तेवढंही करत नाहीत.”

हसले कोणी नाही.

“वयनी, आधीच आजारी असलेल्याला नव्यानं घेता येत नाही,” जयवंत म्हणाला. “माणसालासुद्धा.”

“नव्यानं कुठं म्हणते मी? माझं नाव खोडा, तिथं त्याचं लिहा. हे गेले तेव्हा त्यांचं खोडून माझं लिहिलंत ना? जागा जुनीच.”

बोलता बोलता तिला खोकला आला. तिने पदर तोंडाशी घट्ट धरला. उबळ थांबेपर्यंत दोघेही पुरुष चुलीतल्या निखाऱ्यांकडे पाहत राहिले.

“दोन्ही नावं ठेवा की,” दगडू हलकेच म्हणाला.

“दोघांचं झेपायचं नाही मला. संपात निम्मी माणसं उधारीवर जेवली. मागितले का मी?”

जयवंतने टाक दौतीत बुडवला. ‘सुभद्रा’ या अक्षरांवरून काळी रेघ सावकाश शेवटापर्यंत गेली. तिच्याखाली त्याने कुत्र्याचे नाव लिहिले. नऊ वर्षांत त्या फंडाने वहीबाहेरच्या एकाही माणसासाठी पाळी लावली नव्हती. हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते.

“आणि तुम्हालाच काही झालं तर?” त्याने विचारले.

सुभद्रेला त्या प्रश्नाचे नवल वाटले.

“मला वहीत कशाला नाव हवं? त्या मुक्या जिवाला कोण विचारणार, म्हणून त्याचं लिहायचं. मी पडले तर तुम्ही सगळे आहातच की.” ताटे गोळा करता करता ती थांबली. “याल ना, जयवंतभाऊ?”

दगडूने मान खाली घातली. जयवंतने शाई वाळण्याआधीच वही मिटली, टोपी डोक्यावर ठेवली, आणि तिच्याकडे न पाहता तो जिना उतरून गेला.