गोल टाक

प्रयागबाई ताम्हणात देव घेऊन बसली होती. चिंचेच्या कोळानं देवाची मूर्ती उठवलेला एकेक टाक घासायचा, पाण्यातून काढायचा आणि पाटावर मांडायचा. दाराशी चहा घेत बसलेल्या सुदर्शनची नजर त्यातल्या एका टाकावर गेली आणि तो कप खाली ठेवून पुढं वाकला.

बाकीचे टाक चौकोनी होते, चांदीचे. हा गोल, पितळी. त्यावर फेटा बांधलेला, हातात तलवार घेतलेला गडी आणि शेजारी त्याच्याच उंचीची बाई.

सुदर्शन कळंबचा. चांगलं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान वाऱ्यावर सोडून जादूगार मायाधरांच्या वस्तू गोळा करत गावोगाव हिंडायचा. त्याची बायको म्हणायची, जादू याला काही येत नाही, पण गिऱ्हाईक तेवढं रोज गायब करतो. इथं आणे गावात तो एका जुन्या पोस्टरसाठी आला होता. प्रयागबाईची सून रुपाली हिनं त्याला फोनवर फोटो पाठवला होता. पोस्टर मिळालं, झकास होतं. पण त्यावरही तेच. वर ढळढळीत अक्षरांत जादूगार मायाधर, आणि खाली कोपऱ्यात बारीकसं 'व सौ.' नाव नाही, चेहरा नाही.

परवा रविवारी कळंबला त्याच्या संग्रहाची खोली उघडायची होती. त्यासाठी पोस्टरवरची ती 'सौ.', म्हणजे इंद्रायणीबाई, पुण्याहून यायच्या होत्या. मायाधर जाऊन बरीच वर्षं झाली होती. बाई फोनवर हसून म्हणाल्या होत्या, "येते की. पण तिथं माझं काय आहे हो?" तेव्हापासून सुदर्शनच्या जिवाला चैन नव्हतं. कारण खरंच काही नव्हतं. फेटा मायाधरांचा, तलवार मायाधरांची. ज्या पेटीत बाई खेळात रोज स्वतःला कापून घ्यायच्या, तिच्यावरही नाव मायाधरांचंच.

खेळाला पाच वर्षं झाली तेव्हा दोघांचं चित्र असलेली पितळी पदकं वाटली होती, असं त्यानं ऐकलं होतं. पाहिलं मात्र एकही नव्हतं.

"आजी, हा गोल टाक कुठला?"

"खंडोबा-म्हाळसा हायेत. सासूबाईंच्या येळचा हाय. म्या या घरात आल्यापासनं पूजते." प्रयागबाईनं टाक पदरानं पुसला. "लई झिजलेत आता समदे. मोडीत घालून नवं घडवायचं म्हनते. तुमच्या वळखीचा हाय का कोन सोनार, पावणं?"

सुदर्शनच्या मनात लाडू फुटले. द्या आजी, मी चांदीचा घडवून आणतो, एवढंच म्हणायचं होतं. आजी खूश, आपण खूश, आणि नवा टाक मिळाल्यावर खंडोबाही कशाला रागावतोय? शब्द अगदी ओठांवर आले. तेवढ्यात म्हातारीनं त्या पितळी बाईच्या कपाळावर बोटानं कुंकू टेकवलं. नाकडोळे झिजून पुसट झाले होते, पण कपाळ कुठं आहे ते तिला बघावंही लागलं नाही. सुदर्शनला खोटं बोलवेना.

"आजी, हे देव नाहीत. हा जादूगार मायाधर आणि ही त्यांची बायको. नारायणगावला खेळ व्हायचे त्यांचे. मागं बघा, अक्षरं असतील."

रुपाली स्वयंपाकघरातून हात पुसत आली. तिनं टाक उलटा करून उजेडाला धरला आणि मागची अक्षरं वाचली. "जादूगार मायाधर. सौभाग्यवती इंद्रायणी." मग तोंडावर हात ठेवला. "अगं बया! आत्याबाई, आपण इतकी वर्सं जादूगाराला..."

सुदर्शनला आपलीच लाज वाटली. कशाला आलो आणि म्हातारीचं देवघर बाटवून बसलो, असं त्याला झालं.

"ही बाई जित्ती हाय?" प्रयागबाईनं विचारलं.

"आहेत की. पुण्याला राहतात. परवा कळंबला येणार आहेत."

"थोरल्याला ताप चढला व्हता तवा हिच्याम्होरं बसले. मालक रुसून निघून गेलं, तवा बी हिच्याच म्होरं. घरात कुनाला सांगितलं न्हाई ते हिला सांगितलंय." तिनं रुपालीच्या हातातून टाक परत घेतला. "आन ती पुन्याला ऱ्हाती व्हय!"

सुदर्शननं धीर केला. "आजी, मला द्याल का? त्यांचं असं काहीच नाही माझ्याकडं."

"देव कुनाला देत्यात व्हय?"

त्यानं मान खाली घातली.

"देव देत न्हाईत, पावणं. भेटीला नेत्यात. आमी जेजुरीला नेतो की न्हाई, तसं. परवा गाडी घिऊन या. म्या बी येते. रुपाली, माझं इरकली लुगडं काढून ठिव."

"अवो, पण ते देव न्हाईत म्हनून आता कळलं ना?"

"कळलं की. म्हनून काय वळख मोडती?"

तिनं टाक लाल फडक्यात गुंडाळला, गाठ मारली आणि तो मांडीवर घेऊन बसली. सुदर्शनला एवढं भरून आलं की उठून तिच्या पाया पडावं, का नुसतं हसत बसावं, हे कळेना. तेवढ्यात म्हातारीच्या कपाळाला आठी पडली.

"फोन हाय ना तिचा? लावा बरं. म्या आपली दरसाल चंपासष्टीला वांग्याचं भरीत आन रोडग्याचा निवद दावत आले. तिला काय आवडतं, ते तरी इचारा."