दोन पाट्या कमी

"दोन पाट्या कमी," मुकादम सिद्धप्पा म्हणाला. बिनतळाच्या लाकडी पेटीत गोजाबाईची सगळी खडी ओतून झाली होती आणि वरची चार बोटे रिकामी राहिली होती. "शिवबाईची भरली, गंगम्माची भरली. तू काय घरी नेऊन खातीस व्हय दगडं?"

रांगेतल्या बायका हसल्या. गोजाबाई हसली नाही, रागावलीही नाही. आठवड्याची पेटी भरली तर धान्याची चिठ्ठी, न भरली तर काही नाही, असा दुष्काळी कामावरचा नियम होता. नियम करणाऱ्यांनी त्र्याहत्तर सालच्या टंचाईचा सर्व बाजूंनी विचार केला होता. दगडही संपतो, एवढे मात्र त्यांना सुचले नव्हते. होटगीच्या अलीकडचा तो माळ वर्षभरात हातोडीखाली गेला होता. उरलेला खडक सुरुंगाशिवाय फुटणारा नव्हता, आणि सुरुंगाची दारू सोलापुरात कोणाच्या तरी मंजुरीची वाट पाहत होती.

धान्याचा ट्रकही महिनाभर आला नव्हता. कामावर वाटल्या जाणाऱ्या सुकडीच्या तयार पिठावर गाव तगून होते. इंजिनाची गिरणी डिझेलअभावी केव्हाच बंद पडली होती. पहाटे कोणत्याही घरातून दळणाचा आवाज येत नव्हता. दळायलाच काही नव्हते, त्यामुळे त्याचे कोणाला काही वाटतही नव्हते.

शनिवारी ट्रक येणार अशी दवंडी पिटली गेली. बाकीच्या बायकांजवळ तीन-तीन चिठ्ठ्या होत्या. गोजाबाईजवळ एकही नव्हती. शुक्रवारी शेवटचे माप होते.

त्या सकाळी तिने जाते ओढत अंगणात आणले आणि हातोडी घेतली. सासू मायाक्का दारात बसली होती. तिच्या तोंडात एकही दात उरला नव्हता. धान्य तिच्या पोटात जायचे ते पीठ होऊनच.

"आगं, मग दळशील कुटं?"

"शिवबाईच्यात. तिचं हाय की, आत्याबाई. एक जातं आळीला पुरतं. आन् चिठ्ठीच न्हाय, तर दळायचं तरी काय?"

हिशेब निर्दोष होता. अर्थशास्त्राच्या कोणत्याही प्राध्यापकाने त्याखाली आनंदाने सही केली असती. धान्याविना जाते हा केवळ एक जड दगड होता, आणि त्या आठवड्यात गावात दगडाखेरीज कशालाच किंमत नव्हती.

वरचा दगड सात घावांत फुटला. खालच्याला अकरा लागले. मायाक्काने घाव मोजले आणि मग तोंड भिंतीकडे केले.

मापाच्या वेळी पेटी काठोकाठ भरली. सिद्धप्पाने वरचा एक तुकडा उचलला. त्याच्या एका अंगाला जात्याला टाकी लावल्याच्या बारीक खाचा होत्या. त्याने तो हातात फिरवला आणि पुन्हा पेटीत ठेवला. त्याला नवल वाटल्याचे दिसले नाही.

"भरली," तो म्हणाला, आणि त्याने चिठ्ठी फाडून दिली.

शनिवारी ट्रक आला. गोजाबाईच्या पदरात परदेशातून आलेला, ज्वारीसारखा लाल मिलो पडला. तिने तो पाखडला, खडे वेचले, टोपलीत भरला आणि ती शिवबाईच्या घराकडे निघाली.

आळीच्या तोंडाशीच शिवबाई समोरून आली. तिच्या डोक्यावर टोपली होती. मागे गंगम्मा होती, आणखी तिघीचौघी होत्या. सगळ्यांच्या टोपल्या भरलेल्या होत्या.

"कुटं निगालाय ग?" गोजाबाईने विचारले.

"तुज्याकडंच. दळाय."

"माजं काल फोडलं. मीच तुज्याकडं निगाले हुते."

गंगम्माने डोक्यावरची टोपली हळूच खाली ठेवली. शिवबाईची तशीच डोक्यावर राहिली. ती म्हणाली,

"तुजी पेटी भरत नव्हती. म्हंजे तुजं जातं शाबूत हाय. ह्याच भरवशावर तर आमी समद्यांनी आमची फोडली."